दारात पाणी पडेपर्यंत

परवा मोंढ्यामागच्या लग्नात डीजेवाल्या पोरानं रंगामास्तरांचं गाणं मधेच तोडलं आणि माझं टाळकं सटकलं. परण्या, म्हणजे आमच्याकडची नवरदेवाची मिरवणूक, अजून मारुतीच्या देवळापाशीच होता. मांडव लांब. घोडी आपली झोकात चाललेली, मागून बायका पाय उचलत चाललेल्या, आणि ह्या पठ्ठ्यानं एक बटण दाबून गाणं कापलं नि दुसरंच कायतरी धडाडधूम सुरू केलं. मी पाहुणी म्हणून गेलेली, अंगावर ठेवणीतली इरकल. तरी तशीच गर्दीतून घुसले आणि त्याच्या गाडीवर थाप मारली.

"अरे, पूर्ण वाजव की ते!"

"काकू, ह्या गाण्याला शेवट कुटं हाय? वाजतच ऱ्हातंय ते."

"शेवट हाय बाबा. दारात पाणी पडलं की शेवट हाय!"

पोरगं माझ्याकडं बघतच राहिलं. बाईला ऊन लागलं, असं त्याला वाटलं असणार. त्याचा काय दोष म्हणा. मास्तर गेले तेव्हा हे चड्डी सावरत शाळेत जात असेल. पण मला त्या रात्रीचं जेवण गोड लागलं नाही. सिनेमातलं गाणं म्हणून सगळा जिल्हा ते वाजवतो, लेकरं नाचतात, मोबाईलमध्ये घंटी म्हणून ठेवतात, आणि ते कुणी केलं, कसं केलं, त्याच्या शेवटासाठी एक माणूस कसा अडून बसला होता, हे आमच्या मानवत गावातल्या माणसालासुद्धा ठाऊक असू नये? म्हणून हे लिहायला बसले.

मी मानवतात शिवणकाम करते. बी.ए.ला मराठी घेतलं होतं, त्याचा उपयोग आज होतोय. माझ्या दुकानाची आणि मास्तरांच्या बँडच्या खोलीची भिंत एकच, आणि खोलीला लागूनच त्यांचं घर. मी नवीन दुकान टाकलं तेव्हा पहिल्याच दुपारी भिंतीपलीकडं ढोल सुरू झाला आणि माझ्या डब्यातल्या टाचण्या नाचायला लागल्या. मी तरातरा गेले. आत एक उंच, काळाभोर कलप लावलेला माणूस हातात छडी घेऊन उभा. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाला, "बाई, तुमी शिवता न्हवं? हे बगा, आमचा कोट काखंत काचायलाय. हात वर गेला की पाठ फाटती. जमंल का?"

भांडायला गेलेली मी मापाची टेप आणायला परत आले. तेव्हापासून बँडचे सगळे लाल कोट माझ्याच मशीनवर. मास्तरांचं माप मला आजही तोंडपाठ आहे. छातीला घट्ट पाहिजे, कारण छाती दिसली पाहिजे. काखेत मात्र ढगळ, कारण हात आभाळात गेला पाहिजे. सोनेरी गोंडे बाकीच्यांना एका खांद्यावर, ह्यांना दोन्ही. एकदा मी म्हटलं, "मास्तर, ह्या वयात एवढे गोंडे?" तर म्हणाले, "वय गळ्याला असतंय बाई. खांद्याला कशाला असंल?"

गर्विष्ठ होते, हे मी लपवणार नाही. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. कुणी 'बँडवाले' म्हणून हाक मारली तर वळून बघायचे नाहीत, 'मास्तर' म्हटलं की दहा घरांपलीकडून ऐकू यायचं. कलप लावल्याचं कधी कबूल केलं नाही. "आमच्या घरात केस पिकतच न्हाईत," म्हणायचे, आणि दाराशी बसलेली त्यांची बायको, गयामावशी, आपल्या पांढऱ्याशुभ्र अंबाड्यावर पदर ओढून घेत म्हणायची, "हो, पिकायचं काम सगळं माझ्याकडं दिलंय."

त्यांची एक सवय अशी होती की नवा माणूस बघतच राहायचा. मास्तर आयुष्यभर उलटे चालले. बँडपुढं चालायचे ते तोंड नवरदेवाकडं आणि पाठ रस्त्याकडं करून. एका हातात माइक, दुसऱ्या हातात छडी, आणि पाय मागं मागं. मानवतातला एकूण एक खड्डा त्यांच्या टाचांना माहीत होता. नगरपालिकेनं रस्ता केला की मास्तर आठवडाभर चिडचिडे व्हायचे. "आता पुन्यांदा पाठ करा!" म्हणायचे. मी विचारलं, की सरळ का चालत नाही? तर म्हणाले, "सरळ चाललं तर मला कसं कळावं मागं कोन दमलंय? मी त्वांडाकडं बगत न्हाई. मी पायाकडं बगतो. म्हातारीचा पाय रेंगाळला की चाल हळू करायची. पोरी नाचायल्या की जरा चढवायची. पर थांबायचं न्हाई."

थांबायचं नाही! ह्या दोन शब्दांवर त्या माणसाचा संसार उभा होता. मास्तरांचा नेम असा होता, की परण्या निघाला की गाणं सुरू, आणि मांडवाच्या दारात नवरीची आई येऊन भाकरतुकडा ओवाळून टाकते, नवरदेवाच्या पायावर तांब्यातलं पाणी घालते, तेव्हा ते पाणी जमिनीवर पडलं की गाणं बंद. त्याआधी नाही. मधे वीज गेली, ढोलाचं कातडं फाटलं, काही झालं तरी नाही. पाणी पडलं की मास्तरांचा हात वर जायचा आणि अख्खा बँड एका दमात गप्प. ती शांतता इतकी सुंदर असायची की मांडवातलं रडकं लेकरूसुद्धा चुप व्हायचं.

पालमकडच्या एका गावातलं लग्न तर मी स्वतः बघितलंय. कोटाच्या बटणांचं काम राहिलं होतं म्हणून मास्तरांनी मलाच टेम्पोत घालून नेलं होतं. परण्या दारात गेला आणि आत रुसवाफुगवी सुरू झाली. नवरदेवाच्या मामाला मानाचा फेटा आधी बांधला नाही, म्हणून मामा तापला. नवरीची आई आत कोंडून घेऊन रडायला लागली. तांब्या घेऊन बाहेर येणार कोण? चैत्राचं ऊन, पायाखाली फुफाटा. क्लॅरिनेट वाजवणारे हुसेनचाचा, बँडमधले सगळ्यांत जुने, त्यांचे ओठ सुजले. डोळ्यांनीच मास्तरांना विचारायला लागले, की बस करायचं का? मास्तरांनी मान हलवली, नाही. उलट चाल चढवली. म्हणता म्हणता वऱ्हाडातली पोरं नाचायला लागली, मग बायका, आणि शेवटी तो तापलेला मामा बाजूला उभा राहून पाय आपटत होता, तो रागानं की तालावर, हे त्याचं त्यालाच कळेना. एका म्हातारीनं त्याच्या डोक्याला उपरणं गुंडाळलं आणि त्याला नाचात ढकललं. आतून नवरीची आई डोळे पुसत आली, तिनं पाणी घातलं, आणि मास्तरांचा हात वर गेला.

टेम्पोत बसल्यावर हुसेनचाचा म्हणाले, "मास्तर, आज आपन सब मरते होते." मास्तर म्हणाले, "मेलो असतो तरी दारात मेलो असतो. रस्त्यात न्हाई."

आता त्यांच्या स्वतःच्या लग्नाचं सांगते. हे मास्तर कधी सांगायचे नाहीत. मला हुसेनचाचांनी माप देताना सांगितलं, आणि हसता हसता मी चाचांच्या कोटाला भलतीच खूण केली.

तेव्हा बँड मास्तरांच्या मामाचा होता आणि मास्तर त्यात गायचे. स्वतःच्या लग्नात नवरदेव म्हणून घोडीवर बसले, तर त्यांच्या जागी गायला उभ्या केलेल्या गड्याचा घसा धुळीनं अर्ध्या रस्त्यात बसला. गाणं तुटायला लागलं. नवरदेवाला राहवेना. मुंडावळ्यांसकट टुणकन खाली उडी मारली, माइक हिसकला आणि चालायला लागले उलटे, रिकाम्या घोडीकडं तोंड करून! गाण्यात असे रमले की आपलंच लग्न आहे हे विसरले. दारात पोचले. सासू तांब्या घेऊन बाहेर आली. तिला दिसायला कमी. तिच्यापुढं एका गाणाऱ्या माणसाची पाठ. ती म्हणाली, "सरक रे वाजंत्र्या बाजूला," आणि जावयाला कोपरानं ढकलून पुढं जाऊन तिनं पाणी घातलं, ते घोडीच्या पायावर. पाणी पडलं म्हटल्यावर मास्तरांनी हात वर केला. बँड बंद. सगळं वऱ्हाड एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलं.

"घोडी ब्याही गई," हुसेनचाचा डोळे पुसत म्हणाले, "और अपना मास्तर बाहेरच."

आता पुन्हा पाणी घालायचं म्हटलं, तर भटजींनी घाई लावली, मुहूर्त टळायला लागला. तसंच आत घेतलं. गयामावशीला ह्यावरून छेडलं की ती म्हणायची, "ह्यांच्या पायावर पानी पडलंच न्हाई माय. म्हनून तर ह्यांचा पाय घरात ठरत न्हाई." हसतच म्हणायची. पण हे वाक्य ती दरवेळी म्हणायची, आणि मास्तर दरवेळी उठून बाहेर जायचे.

मग डीजे आले. त्यावर मी जास्त लिहीत नाही, सगळ्यांनी बघितलंय. कोट माझ्याकडं शिवायला येईनात, फक्त उसवलेले यायला लागले. मास्तर गणपतीत वाजवायचे, एखाद्या जुन्या वळणाच्या घरच्या लग्नात वाजवायचे. बाकी दिवस खोली उघडून, कोट झटकून, परत अडकवून ठेवायचे. कलप मात्र वेळच्या वेळी.

अशात एका सकाळी सिनेमावाले मानवतात आले. सिनेमा होता लेकराबाळांनी सहकुटुंब बघावा असा. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाची घोडी पळून जाते आणि आजोबा, आजी, लेकी, सुना, नातवंडं, सगळं घर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गोदाकाठानं तिला शोधत हिंडतं. चित्रीकरण पालमच्या बाजूला नदीकाठी चाललं होतं. शेवटच्या लग्नाच्या प्रसंगाला त्यांना खराखुरा बँड पाहिजे होता. गाणी करणारा निखिल नावाचा तरुण मुलगा होता, पुण्याचा. गुणी, अदबीनं बोलणारा. त्यानं ट्रॉलीतल्या प्रवासासाठी एक गावरान गाणं करून आणलं होतं, ते मोबाईलवर मास्तरांना ऐकवलं.

मास्तरांनी ऐकलं. मग उठले, छडी घेतली आणि माझ्या दुकानापुढच्या रस्त्यावर त्या गाण्यावर उलटं चालायला लागले. चार पावलांत थांबले.

"बाबा, गानं ब्येस हाय. पर ह्याच्यावर चालता येत न्हाई. नाचता येतंय. नाचून मानूस कुटं पोचत न्हाई. तुमचं घर तर घोडीच्या मागं निघालंय न्हवं?"

निखिलला राग आला नाही. तो म्हणाला, "मग तुम्ही करा ना काका."

केलं! मास्तरांनी एक ट्रॅक्टर मागवला, मागं ट्रॉलीत गल्लीतली बायकालेकरं बसवली, ड्रायव्हरला सांगितलं, "पहिल्या गिअरात ठेव," आणि स्वतः ट्रॅक्टरच्या पुढं उलटे चालायला लागले. ड्रायव्हर घामाघूम. "मास्तर, सरका हो, अंगावर जाईल!" मास्तर म्हणायचे, "तू तुजं चाक बग, मी माजं बगतो." मोंढ्याच्या रस्त्यानं पार कापसाच्या जिनिंगपर्यंत गेले नि परत आले. परत येईपर्यंत गाणं झालेलं होतं, आणि ट्रॉलीतल्या बायका ते म्हणत होत्या:

हाल गं ट्रॉली, चाल गं ट्रॉली,
आमची घोडी कुटं गं गेली?
पालमला पुसलं, पूर्णेला पुसलं,
नवरदेवाची झोप उडाली!

गयामावशी दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "घोडी काय सुटत न्हाई बाई ह्यांची."

रेकॉर्डिंग एका बंद मंगल कार्यालयात होतं. भिंतींना गाद्या लावलेल्या. मास्तर सगळ्यांना कोट घालून घेऊन गेले. निखिल म्हणाला, "काका, इथं कोण बघणारे?" तर म्हणाले, "गळ्याला कळतंय." कोटांचं बघायला मीही गेले होते. गाणं सुरू झालं. चाल अशी की बसलेली माणसं खुर्च्यांवर हलायला लागली. ठरलेली कडवी झाली. निखिलनं काचेमागून हात केला, बस. मास्तरांनी पहिलं कडवं परत घेतलं. निखिलनं दोन्ही हात हलवले. मास्तर ढोलाकडं बघून चाल चढवते झाले. ते पार दमेपर्यंत गाणं चाललं, आणि शेवटी मास्तर खोकत म्हणाले, "अरे, पानी कोन घालनार हाय का न्हाई?"

एकानं धावत येऊन त्यांच्या हातात प्यायच्या पाण्याची बाटली दिली. हुसेनचाचा हसून हसून स्टुलावरून पडायचे राहिले.

मग मीच निखिलला मास्तरांचा नेम समजावून सांगितला. तो शहाणा मुलगा, नीट ऐकलं. म्हणाला, "काका, काळजी नको. शेवटी आपण आवाज हळूहळू कमी करत नेऊ. गाणं लांब लांब जातंय असं वाटेल."

मास्तरांचा चेहरा बघायला पाहिजे होता. "म्हंजी परण्या रस्त्यात सोडून आपन पळून चाललो, आसं?"

"तसं नाही काका..."

"तसंच हाय. आवाज बारीक हुतो कवा? वाजवनारा निगून चालला तर हुतो. मी अजून एकबी परण्या रस्त्यात सोडला न्हाई बाबा. ह्या वयात सोडनार न्हाई." आणि छडी काखेत मारून निघाले. मागोमाग बँड निघाला. वाट्याला आलेलं एवढं मोठं काम, अख्ख्या महाराष्ट्रात गाणं वाजणार, आणि हा माणूस पायरी उतरून चालता झाला. मला एकीकडं त्यांच्या हातापाया पडावं वाटत होतं, आणि एकीकडं, खरं सांगते, अभिमानही वाटत होता.

दुसऱ्या दिवशी निखिल एकटाच आला. माझ्या दुकानातल्या बाकावर बसला. मास्तर समोर. 

"काका, तुमचं मला पटलंय. पण माझी अडचण ऐका. हे गाणं सिनेमाच्या मधे आहे. घोडी अजून सापडलेली नाही. ही माणसं अजून रानात आहेत. तिथं दारच नाही, तर पाणी कुठं घालू?"

मास्तरांनी छडी काखेतून काढून बाकाला टेकवली. मग म्हणाले, "दार न्हाई?"

"नाही काका. तिथं ट्रॉली चिखलात रुतते, आणि सगळे खाली पडतात."

मास्तर उठून घरात गेले. दोन दिवस बँडच्या खोलीला कुलूप. गयामावशी म्हणाली, "जेवायलेत, पर चव न्हाई त्यांला. नुसतं अंगनात मागं-म्होरं करायलेत." तिसऱ्या दिवशी सकाळीच भिंतीवर थाप पडली. "बाई, त्या पोराला फोन लावा!"

फोन हातात घेऊन मास्तर ओरडूनच बोलायचे, त्यामुळं गल्लीनं सगळं ऐकलं. "हे बग बाबा. ट्रॉली चिकलात रुतती न्हवं? मग तितं गानं तोड. बारीक करू नको, कटकन तोड! ओळीच्या मधीच तोड. वाट अडली तर वाजवनाऱ्याचा काय इलाज? त्यो पळाला न्हाई, अडकला. आनि मग शेवटाला घोडी सापडती, परण्या निगतो, तवा ज्या शब्दावर तोडलं त्याच शब्दापसनं उचल. दारात ने. पानी घाल. मग थांबव." फोन माझा, स्पीकरवर होता. मग निखिल म्हणाला, "काका, हे तर सगळ्या सिनेमालाच लागू पडतंय हो." आणि इकडं मास्तरांनी कलप लावलेल्या केसांवरून हात फिरवला.

तसंच चित्रीकरण झालं. शेवटच्या प्रसंगात मास्तर स्वतः बँडपुढं उलटे चालले. दारात एका नटीनं पाणी घातलं. पण निघताना निखिल प्रामाणिकपणे बोलला. "काका, मी जीव तोडून सांगेन. पण सिनेमा शेवटी कापणारे दुसरे असतात. लांबी कमी करायची म्हटलं की आधी गाण्यावर कात्री येते. वचन नाही देऊ शकत."

एखादा गप्प बसला असता. मास्तर कुठले गप्प बसायला! मोंढ्यात, स्टँडवर, कटिंगच्या दुकानात, जिथं जातील तिथं सांगत सुटले, "माजं गानं दारात जाऊन थांबतंय, बगा." हुसेनचाचा मागून कोट ओढायचे, "मास्तर, इतना मत बोलो. सिनेमेवाले हैं, काटून टाकतेत." तेव्हा मास्तरांनी भर चौकात सांगून टाकलं, की गाणं दारात पोचलं नाही तर ही छडी पुन्हा हातात धरणार नाही. "जो परण्या पोचवत न्हाई, त्यानं छडी कशाला धरावी?"

झालं. आता सगळं मानवत त्या सिनेमाची वाट बघायला लागलं. टवाळ पोरं विचारायची, "मास्तर, आलं का गानं दारात?" मास्तर छाती काढून म्हणायचे, "निगालंय." पण भिंतीपलीकडं खोलीत एकटे असले की छडी हातात फिरवत बसायचे. मी दारातून एकदा बघितलं आणि परत फिरले. त्या छडीला त्यांनी नवी चकचकीत मूठ बसवली होती, आणि ती पुन्हा हातात येईल की नाही हे पुण्यामुंबईतल्या कुणा कात्रीवाल्याच्या हातात होतं.

सिनेमा परभणीला लागला. मास्तरांनी सगळ्यांना कोट इस्त्री करायला लावले. गयामावशीला न्यायचं होतं, पण तिचे गुडघे धरलेले. म्हणाली, "जावा तुमी. मी काय, घोडी घरातच बगितलीय." आम्ही लाल कोटांचा अख्खा बँड आणि एक शिवणकामवाली असे एसटीनं निघालो. ढोल टपावर. कंडक्टर म्हणाला, "लगीन कुनाचं?" हुसेनचाचा म्हणाले, "अबी मालूम नहीं. बघायलाच चाललो."

सिनेमा सुरू झाला. पोरंबाळं खिदळत होती. ट्रॉली निघाली आणि गाणं लागलं. मास्तरांचा आवाज त्या मोठ्या अंधाऱ्या हॉलमध्ये भरला तेव्हा आमच्या रांगेतला ढोलवाला मोठ्यानं रडायलाच लागला. पुढच्या रांगेतली लेकरं उठून नाचायला लागली. 'नवरदेवाची झोप' म्हणेस्तोवर ट्रॉली चिखलात रुतली, आणि गाणं कटकन तुटलं. सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. पुढचा सगळा सिनेमा त्यांनी बघितलाच नाही, असं मला वाटतं. छडी दोन्ही गुडघ्यांवर आडवी धरून ताठ बसून होते. नदीतला पूर झाला, चोर झाले, हरवलेली नात सापडली, घोडी सापडली. लग्नघर दिसायला लागलं. गाणं नाही. घोडीवर नवरदेव बसला. गाणं नाही. मी हुसेनचाचांकडं बघितलं, तर ते डोळे मिटून पुटपुटत होते.

आणि मग 'उडाली!'

त्याच शब्दावरून! त्याच चढावर! पडद्यावर मास्तर, आमचे मास्तर, माझा शिवलेला कोट, दोन्ही खांद्यांवर गोंडे, उलटे चालत चालत घोडी घेऊन येत होते. अख्खा हॉल टाळ्यांनी ताल धरायला लागला. दार आलं. तांब्या आला. पाणी पडलं. पडद्यावर मास्तरांचा हात वर गेला, सगळं शांत झालं, आणि खुर्चीत माझ्या शेजारी मास्तरांचाही हात वर गेला होता, छडीसकट. तो त्यांनी किती तरी वेळ खाली घेतला नाही. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. नावं आली, गेली, त्यात रंगनाथ मास्तर कुठं लिहिलं होतं ते आमच्यापैकी एकानंही वाचलं नाही. सगळे त्यांना धरून रडत होतो.

मानवतच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दिवस कलला होता. बातमी आमच्या आधी पोचली होती. मास्तरांनी टपावरचा ढोल उतरवायला लावला आणि म्हणाले, "घरापतूर वाजवत जाऊ." कुणाचं लग्न नाही, वरात नाही, घोडी नाही. पण मोंढ्यातली हमाल मंडळी आली, स्टँडवरची पोरं आली, टवाळी करणारी तीच पोरं सगळ्यांत पुढं नाचायला लागली. आणि मास्तर नेहमीसारखे त्या सगळ्यांकडं तोंड करून, पाठ रस्त्याकडं करून, मागं मागं चालत गात होते. आवाज फाटला होता. कलपाचा ओघळ कानामागून लाल कॉलरवर आला होता. मला तो डाग उद्या काढायचा होता, आणि तरी मला हसू येत होतं. एवढा देखणा माणूस मी त्या दिवसाआधी बघितला नव्हता.

त्यानंतरही मास्तर बरीच वर्षं माझ्या भिंतीपलीकडं होते. पुष्कळ लग्नं वाजवली, कोट पुन्हा शिवले, आणि एक दिवस गेले. पण कुणी त्यांचं नाव काढलं की मला ती संध्याकाळच दिसते.

आम्ही गल्लीत वळलो. आम्हाला समोर दिसत होतं, मास्तरांना दिसत नव्हतं, कारण त्यांची पाठ. गयामावशी दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पाऊल टाकत उंबऱ्याबाहेर आली होती. डोईवरून पदर घेतलेला. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या. हुसेनचाचांनी ते बघितलं आणि त्यांचं क्लॅरिनेट एकदा चुकलं. मास्तरांनी डोळे वटारून त्यांच्याकडं बघितलं आणि चाल आणखी चढवली. मागं मागं येत राहिले. मावशीनं तुकडा त्यांच्या पाठीवरून, त्या दोन्ही गोंड्यांवरून ओवाळून टाकला, आणि खाली वाकून त्यांच्या टाचांवर तांब्या पालथा केला.

मास्तरांचे पाय थांबले. हात वर गेला. बँड एका दमात गप्प झाला. मग ते हळूच वळले.

"या आता घरात," गयामावशी म्हणाली. "लय येळ लावला तुमी."